गुणाजीचा लिटमस कागद

एका गावात एक हायस्कूल होतं, हायस्कुलात एक प्रयोगशाळा होती, आणि त्या प्रयोगशाळेत एक भोळा गडी होता. नाव गुणाजी शेलार. आता प्रयोगशाळा म्हटल्यावर फार काही मनात आणू नका. एक खोली, एक लांब टेबल, काचेचं एक कपाट आणि हाडांचा एक सापळा. त्या सापळ्याला पोरं हेडमास्तरांच्या नावानं हाक मारायची. गुणाजी तिथला परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या पुसायच्या आणि विज्ञानाच्या लोहोकरे बाई सांगतील ते करायचं.

हे ‘बाई सांगतील ते करायचं’ गुणाजीनं फारच मनावर घेतलं. माणूस वाईट नव्हता हो. बिडी नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सांगितलेलं एक अक्षर विसरायचा नाही. पंचाईत एवढीच की ते अक्षर तो कुठं नेऊन चिकटवेल याचा नेम नसायचा. मी त्याच शाळेत इतिहास शिकवायचो. इतिहासात मी पुष्कळ मोठमोठी माणसं शिकवली, पण गुणाजीएवढा एकवचनी मला सापडला नाही.

घरी त्याची आई, जनाक्का. तिला एकच घोर. पोराचं लग्न. तिशी उलटली तरी जमेना. मुलगी मागायला गेलं की लोक चहा पाजून परत पाठवायचे. ‘चहा चांगला असतो त्यांचा,’ असं गुणाजी येऊन सांगायचा. शेवटी माळेवाडीच्या ज्योतिराम खराड्यांनी दार जरा किलकिलं ठेवलं. विचारलं, “मुलगा करतो काय?”

जनाक्का म्हणाली, “हायस्कुलात प्रयोगशाळेत हाय.”

खराड्यांना वाटलं, रॉकेटबिकेटचं काहीतरी असणार. म्हणाले, “बरं हाय. उन्हाळ्यापातूर नोकरी टिकवून दाखवू द्या. मग घर बघायला येतो.”

म्हणजे गणित सोपं होतं. नोकरी टिकली तर बायको मिळणार. नोकरी गेली तर पुन्हा चहा.

गुणाजी कामावर आला त्या दिवशी बाईंनी त्याला कपाटासमोर उभं केलं. बाईंचा आवाज असा की घंटा वाजली नाही तरी तास सुरू व्हायचा.

“गुणाजी, पहिला नियम. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, तिच्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. असली वस्तू ठेवायची नाही. खड्डा खणायचा आणि ओतून टाकायची.”

“बरं बाई. कळलं.”

मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक-खोलीत आलो. हात धुतले. बघतो तर फडताळात एकही डबा नाही. बाहेर कडुलिंबाखाली गुणाजी फावडं घेऊन माती सारखी करत होता.

“गुणाजी, डबे कुठायत?”

“धुऊन पालथे घातलेत, सर.”

“आणि आतलं?”

“कशावरच चिठ्ठी नव्हती. आत काय आहे कुणाला ठाऊक?”

आत माझ्या बायकोनं पहाटे उठून केलेली भरली वांगी होती. मला चांगलं ठाऊक होतं. फक्त हेडमास्तरांचा डबा शाबूत राहिला, कारण त्यावर नाव कोरलेलं होतं. त्यात श्रीखंड होतं. हेडमास्तरांनी ते आमच्यासमोर बसून खाल्लं. ‘घ्या’ म्हणायची पद्धत असते, तेवढंही म्हणाले नाहीत.

बाईंनी गुणाजीला बाजूला घेतलं. “अरे शहाण्या, काही फेकायच्या आधी तपासायचं असतं! हा बघ निळा लिटमस कागद. द्रवात बुडवायचा. निळ्याचा लाल झाला की समजायचं, आम्ल आहे. आम्ल दिसलं की पोरांच्या हाताला लागू द्यायचं नाही. सरळ कुलपात ठेवायचं.”

“बरं बाई. आता कळलं.”

पुढं पंधरा ऑगस्ट आला. झेंडा झाला, कवायत झाली. मग संस्थेचे चेअरमन बोलायला उभे राहिले. देशाला स्वातंत्र्य मुख्यतः त्यांच्या आजोबांनी मिळवून दिलं, असं त्यांनी सांगितलं. मी इतिहासाचा शिक्षक, पण मान डोलावली. नोकरी सगळ्यांनाच असते. पोरं उन्हात उभी. सगळ्यांचं लक्ष व्हरांड्यातल्या लिंबू सरबताच्या पिंपाकडं.

भाषण संपलं. पोरं धावली. पिंप नव्हतं.

गुणाजीनं कागद बुडवला होता. निळ्याचा लाल झाला होता. मग त्यानं पिंप ढकलत प्रयोगशाळेत नेलं आणि कुलूप घातलं. किल्ली कनवटीला. एवढं करून तो परत आला, तर एक पेला बाहेर राहिलेला. तो नेमका चेअरमनसाहेबांच्या हातात. साहेब आता ओठाला लावणार, तोच गुणाजीनं त्यात कागद बुडवला, उजेडाकडं धरून बघितला आणि पेला साहेबांच्या हातून काढून घेतला.

“आम्ल आहे, साहेब. पोरांच्या हाताला लागू द्यायचं नाही.”

“मी पोर आहे?” चेअरमन ओरडले. “हेडमास्तर, हा कोण आहे? काढून टाका याला! आत्ताच्या आत्ता!”

हेडमास्तर “होय साहेब, होय साहेब” करत कागद शोधू लागले. फाटकापाशी जनाक्का उभी होती. लेकाला झेंड्याला सलाम करताना बघावं म्हणून आली होती बिचारी. ती तिथंच पदर पसरून उभी राहिली. ते बघून मलाच कसंतरी झालं. माझी वांगी पुरणाऱ्या माणसाची दया येते म्हणजे काय!

बाई पुढं झाल्या. “साहेब, त्यानं पोटच्या पोराइतकं जपलं तुम्हाला. चुकलं असेल, पण तुमच्या जिवापोटी चुकलं.”

चेअरमन जरा थांबले. हा आपला मान झाला की अपमान, याचा त्यांनी विचार केला. मान धरून चालले. “पुन्हा झालं तर मात्र घरी,” असं म्हणून गाडीत बसले.

नोकरी वाचली. बाईंनी कुलूप काढलं. “अरे गाढवा, सगळी आम्लं जाळणारी नसतात. लिंबात असतं, चिंचेत असतं, ताकात असतं, ते सौम्य. त्याला कुलूप कशाला? अगदीच आम्ल नको असलं तर त्यात खायचा सोडा टाकायचा. फसफसतं. फसफस थांबेपर्यंत टाकत राहायचं. थांबली की समजायचं, आम्ल संपलं. उरला क्षार आणि पाणी.”

“फसफस थांबेपर्यंत?”

“थांबेपर्यंत.”

“बरं बाई. आता कळलं.”

उन्हाळा आला. नोकरी टिकलेली. ठरल्याप्रमाणे खराडे आपल्या कारभारणीला, हौसाबाईंना, घेऊन घर बघायला आले. जनाक्कानं अंगण सारवलं होतं, आमच्या घरून चांगली ताटं मागून नेली होती, आणि स्वयंपाकात पिवळीधमक कढी केली होती. तिची कढी गावात नावाजलेली. कढीला उकळी येत असताना पाहुणे दारात आले. जनाक्का तांब्या घेऊन बाहेर धावली. जाताना म्हणाली, “गुणाजी, कढीकडं बघ रं बाबा.”

गुणाजीनं बघितलं. ताकाची होती. कागद बुडवला. लाल.

मुलीकडच्या माणसांसमोर आम्ल कसं ठेवायचं? त्यानं सोड्याचा पुडा फोडला. चिमूट टाकली. फसफसलं. आणखी टाकली. आणखी फसफसलं. कढी पातेल्यातून उठली, काठावरून चुलीत गेली, चूल विझली. गुणाजी डगमगला नाही. फसफस थांबली नव्हती. तो टाकत राहिला. पुडा संपला, शेजारणीकडून दुसरा आणला. अखेर फसफस थांबली. तेव्हा पातेल्यात उरलेली कढी पिवळी नव्हती. लालभडक झाली होती.

बाहेर पानं मांडलेली. जनाक्का पाहुण्यांशी बोलण्याच्या नादात पातेलं घेऊन आली आणि हौसाबाईंच्या वाटीत पळी रिकामी केली.

हौसाबाईंनी वाटीत बघितलं. “अगं बया! कढीचं कुंकू झालं!”

जनाक्काच्या हातातली पळी तिथंच राहिली. खराडे वाकून बघू लागले. हौसाबाईंनी हात जोडले, डोळे मिटले.

“अवो, बघता काय? जोडा हात! देवीनं कौल दिला. पोरीच्या कुंकवाचा कौल हाय ह्यो!”

खराड्यांनी हात जोडले. मग त्यांनी एक घोट घेतला. त्यांचं तोंड कसं झालं ते जनाक्कानं मला नंतर करून दाखवलं होतं, मला लिहून दाखवता येणार नाही. पण देवीची करणी म्हटल्यावर चवीला नावं ठेवता येत नाहीत. त्यांनी डोळ्यांतून पाणी काढत वाटी संपवली आणि म्हणाले, “पक्कं. आमची मालन दिली.”

जनाक्का रडली. या खेपेला आनंदानं.

दुसऱ्या दिवशी गुणाजीनं शाळेत सगळी हकीकत सांगितली. बाई पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर त्यांना आपण शिक्षिका असल्याचं आठवलं. इथंच घात झाला.

“अरे, देवी नव्हे, सोडा तो! सोडा, चुना, साबण ही सगळी आम्लारी. आम्लारी लागली की पिवळी हळद लाल होते. तुझ्या कढीतली हळद लाल झाली, इतकंच. हळद लाल झालेली दिसली की समजायचं, आम्लारी जास्त झाली. मग वरून लिंबू पिळायचं. परत पिवळी होते.”

“हळद लाल दिसली की लिंबू?”

“लिंबू.”

“बरं बाई. आता कळलं.”

मी शेजारीच वह्या तपासत होतो. त्याचं ‘आता कळलं’ ऐकलं की माझी लेखणी वहीवर थांबायची. ती थांबली. पण मला वाटलं, लिंबाचं काय एवढं? काय होईल फार तर?

साखरपुडा माळेवाडीला, खराड्यांच्या अंगणात. मंडप, सतरंज्या, पेढे. बायकाबायकांचं हळदीकुंकू चाललं होतं. गुणाजी पाटावर बसल्या बसल्या आईला म्हणाला, “आये, कुंकू कशाचं करत्यात?”

“हळदीचंच की. हळदीला चुना लावला की कुंकू हुतं. गप बस आता.”

गुणाजीनं मान वर करून अंगणभर बघितलं. हळद. चुना. लाल. एक नाही, दोन नाही, अख्ख्या अंगणात जिच्या तिच्या कपाळावर आम्लारी जास्त झालेली! सरबतासाठी चिरलेली लिंबं पलीकडं परातीत होती. तो उठला. वयाचा मान राखून सुरुवात सासूबाईंपासून केली. हौसाबाईंच्या कपाळावर त्यानं अर्धं लिंबू पिळलं आणि अंगठ्यानं नीट चोळलं.

रस डोळ्यांत गेला. कुंकवाचे पिवळे ओघळ नाकावर आले. कपाळ कोरं.

सवाष्णीचं कुंकू पुसणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. आणि इथं तर नवरा शेजारी पेढा हातात धरून उभा. खराड्यांनी आधी स्वतःच्या छातीला हात लावून बघितला. मग गरजले.

“आरं, जित्ता हाय मी अजून!”

“बाबा, थोडं राहिलंय,” गुणाजी म्हणाला. “आणखी अर्धं पिळलं की होईल.”

“उठा सगळे! आवरा! मोडली सोयरीक!”

जनाक्का मटकन खाली बसली. खराड्यांचे पाय धरायला हात पुढं केले तर ते मागं सरले. माझ्या शेजारी बाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. हे लिंबू कुठून आलं ते अंगणात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

तेवढ्यात घरातून मालन बाहेर आली. हिरवी साडी, तोंडावर पदर. मला वाटलं रडतेय. पदर काढला तर हसत होती.

“आबा, सोयरीक मोडायची न्हाय.”

“तू आत जा!”

“न्हाय जात. आजवर मला बघायला आले त्या सगळ्यांना सगळं येत होतं. मी एक बोलले की ते धा बोलायचे. ऐकून घेणारा हाच पहिला भेटला. सांगितलं तसं करतोय बिचारा. सांगणारं माणूस बदललं की झालं. मी नीट सांगत जाईन.”

हौसाबाई डोळे चोळत म्हणाल्या, “डोळं लई चुरचुरत्यात माझं. पर पोरगं मनानं वंगाळ न्हाय.”

बाई पुढं येऊन म्हणाल्या, “खराडे, चूक माझी आहे. मी काहीतरी सांगितलं होतं. हवं तर मला बोला.”

बाईमाणसाला, त्यातून शिक्षिकेला, काय बोलणार? खराडे नुसतेच धुमसत राहिले. मग गुणाजीपुढं बोट नाचवत म्हणाले, “ठीक हाय. पर कान उघडे ठेवून ऐका, जावईबापू. लग्नाच्या मांडवात एक जरी असला परकार झाला, तर मांडव मोडीन आन् पोरगी घरातच ठेवीन. उंबऱ्याबाहेर पाय टाकू देणार न्हाय.”

“बरं बाबा,” गुणाजी म्हणाला. “कळलं.”

बाईंनी त्याला परत येताना वाटेत दम भरला. “लग्न होईपर्यंत कुणाच्या कपाळाला हात लावायचा नाही आणि कुणाच्या पानात काही टाकायचं नाही. समजलं?” समजलं म्हणाला. आणि खरंच, त्यानं कुठं काही टाकलं नाही, कुठं काही लावलं नाही. आम्ही सगळे सुखानं राहिलो. मी डबासुद्धा पुन्हा आणू लागलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो कामावर होता. रजा घे म्हटलं तर म्हणाला, दहावीच्या पोरांचं प्रात्यक्षिक आहे, सौम्य आम्ल करून ठेवायचंय. मी खडू आणायला प्रयोगशाळेत शिरलो. तर गुणाजी टेबलाशी उभा. पुढ्यात तीव्र सल्फ्युरिक आम्लानं भरलेलं काचेचं भांडं. हातात पाण्याचा मग, आणि मग कलताना.

बाई दारातून किंचाळल्या. धावत येऊन त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्याला मागं ओढलं आणि स्टुलावर बसल्या. या खेपेला ना गाढव म्हणाल्या, ना शहाणा. अगदी हळू आवाजात बोलल्या.

“गुणाजी, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. हे विसरू नकोस. पाणी आम्लात ओतायचं नाही. कधीच नाही. पाणी बिचारं गरीब, त्याचा काही दोष नसतो. पण ते आम्लात पडलं की जागच्या जागी उकळतं, उसळतं, भांडं फुटतं. आधी पाण्याचीच वाफ होते, आणि मग शेजारच्याचे डोळे जातात.”

“मग मिसळायचं कसं, बाई?”

“आम्लानं पाण्याकडं जायचं. आम्ल पाण्यात ओतायचं. तेही एकदम नाही. थेंब थेंब. कडेकडेनं. आणि सारखं ढवळत. मग काही होत नाही. दोघं छान मिसळतात.”

गुणाजीनं मग खाली ठेवला. त्याचा चेहरा मी इतका गंभीर कधी बघितला नव्हता. “बरं बाई. आता कळलं.”

या वेळी मला धास्ती वाटली नाही. खरंच कळलंय याला, असं मला वाटलं. मी शेवटी इतिहासच शिकवणारा म्हणा, पुढचं मला काय दिसणार?

लग्न माळेवाडीला झालं. खराडे मंगलाष्टकांकडं पाठ करून जावयावर डोळे लावून बसले होते. जावई शांत. कपाळाला मुंडावळ्या, डोक्याला फेटा. अंतरपाट गेला, माळा पडल्या. पंगतीत लोणचं वाढलं, ताक वाढलं, कुठं सोडा नाही, कुठं लिंबू नाही. मी आणि बाई समोर बसलो होतो. बाईंनी पदराखाली बोटं एकमेकांत घट्ट अडकवली होती.

पंगतीनंतर कन्यादानाला भटजींनी मालनच्या हातावर पाणी सोडलं. ते तिच्या ओंजळीतून गुणाजीच्या ओंजळीत आलं. आणि गुणाजीनं फेट्यातून लिटमसचा कागद काढला.

बाई अर्ध्या उठल्या. खराडे पूर्ण उठले.

गुणाजीनं मालनच्या तळहातावर कागद टेकवला. निळा तो निळाच राहिला. मग आम्लारी तपासायचा लाल कागद काढला. लाल तो लालच राहिला.

“पाणी,” तो भटजींना म्हणाला.

“पाणीच,” भटजी म्हणाले. “पळीतलं. बोला, मम.”

“मम,” गुणाजी म्हणाला. मग त्यानं निळा कागद स्वतःच्या जिभेवर ठेवला. पंगतीत लिंबाचं लोणचं त्यानं चांगलं चाटूनपुसून खाल्लं होतं. कागद लाल झाला. गुणाजी त्या कागदाकडं बघत राहिला. मग मालनकडं बघितलं. त्याचे डोळे भरून आले.

बस्स. एवढंच. कुणाच्या कपाळावर काही पिळलं नाही, कुणाच्या पानात काही पडलं नाही. खराडे पुन्हा बसले. बायकांना वाटलं, नवरदेव हळवा आहे. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि मला म्हणाल्या, “झालं बाई एकदाचं लग्न.”

उन्हं उतरल्यावर पाठवणी झाली. मालन आईच्या गळ्यात पडून रडली. हौसाबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या. खराडे मांडवाचा खांब धरून रडले. जीप आली. गुणाजी बाईंजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, पाणी आम्लात गेलं की आधी पाण्याचंच वाईट होतं ना?”

“हो रे बाबा. आज तरी शाळा विसर.”

पुढं मालन, बाई आणि ड्रायव्हर बसले. मागं मी आणि चार पाहुणे. गुणाजी म्हणाला, मला वारा लागतो, मी मागच्या फळीवर बसतो. नवरदेवाला कोण नाही म्हणणार? खिंडीच्या पायथ्याला जीप तापली. ड्रायव्हरनं उतरून पाणी घातलं. आम्ही पेंगत होतो. जीप सुटली आणि दिवेलागणीला आमच्या गावात येऊन थांबली.

दारात जनाक्का उभी. अंगावर नवं लुगडं, हातात ओवाळणीचं ताट. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलेलं. नव्या सुनेनं ते पायानं लवंडून आत यायचं, म्हणजे लक्ष्मी घरात आली.

“या, जोडीनं या!” जनाक्का म्हणाली.

मालन उतरली. जोडी उतरली नाही. आम्ही मागं बघितलं. फळीवर स्टेपनी होती.

“माझा गुणाजी कुठाय?” जनाक्कानं हंबरडा फोडला. कुणी म्हणालं पडला असेल, कुणी म्हणालं पळाला असेल. ड्रायव्हर शपथा घेऊ लागला.

एकटी मालन शांत होती. तिनं बाईंकडं बघितलं. “बाई, काल शाळेत तुम्ही ह्यांना काय शिकवलंत?”

बाईंनी सांगितलं. सांगता सांगताच त्यांचा आवाज बारीक होत गेला.

“म्हंजे मी पाणी,” मालन म्हणाली. “आन् ते आम्ल.”

“हो गं.”

“आन् पाण्यानं आम्लाकडं जायचं न्हाय.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

तिकडं माळेवाडीला हौसाबाई रिकाम्या घरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. खराडे फेटा सोडत होते. पोरगी गेली म्हणून दोघांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. इतक्यात दार करकरलं. दारात गुणाजी. मुंडावळ्या तशाच, खिंडीतून चालत आल्यानं धुळीनं माखलेला.

त्यानं आधी पायाचा एक अंगठा उंबऱ्याच्या आत टेकवला. थांबला. काही उसळलं नाही. मग दुसरा अंगठा. मग भिंतीला पाठ लावून कडेकडेनं एक पाऊल सरकला आणि जागच्या जागी स्वतःभोवती एक गिरकी घेतली. पुन्हा एक पाऊल. पुन्हा गिरकी.

खराड्यांच्या हातून फेटा गळून पडला. “जावईबापू! हे काय? मालन कुठाय?”

“आमच्या घरी सुखरूप पोचली असेल. तिला काही होणार नाही, बाबा. मीच खिंडीत उतरून मागं आलो.”

“आन् हितं काय राहिलं तुमचं?”

गुणाजीनं शेवटची गिरकी घेतली, हौसाबाईंसमोर आला, वाकून पायांना हात लावला.

“आई, माप न ओलांडताच आत आलो. ते ठेवा दारात, मी परत जाऊन ओलांडून येतो. मी नांदायला आलोय.”